नेट स्लो आहे? आधी बाहेरच्या काट्यावर वजन करा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात दर आठ-पंधरा दिवसांनी एक तरी पत्र असतं की नेट चालत नाही, पैसे पूर्ण घेतात, फोन उचलत नाहीत वगैरे. मीही तसलंच एक लिहायला बसलो होतो गेल्या दिवाळीत, अर्धं लिहून झालं होतं, पण पाठवलं नाही ते बरं झालं कारण निम्मी चूक माझ्याच जिन्यात निघाली. तेच सांगायला हे पत्र. जरा लांबणार आहे, कापायचं तिथं कापा.

मी वीज मंडळातनं रिटायर झालेला माणूस, मीटर टेस्टिंगला होतो. विश्रामबागला घर आहे, वरचा मजला मोकळा होता तिथं पोरांसाठी अभ्यासिका काढली. स्पर्धा परीक्षेची पोरं, चाळीसेक टेबलं, वायफाय फुकट. आता वायफाय फुकट म्हणलं की पहिली तक्रार वायफायचीच येणार. "काका नेट गेलं", "काका टेस्ट सबमिट होईना", "काका व्हिडिओ अडकतोय". रोज संध्याकाळी सात ते दहा हेच. प्लॅन १०० एमबीपीएसचा होता. ऑपरेटर म्हणला २०० चा घ्या, घेतला. फरक शून्य. मग एक साहेब आले, त्यांनी एका डब्याचं कोटेशन दिलं, बँडविड्थ मॅनेजमेंट का काय, ८५ हजार रुपये आणि वर दरवर्षी लायसन्सचे वेगळे. मी म्हणलं विचार करून सांगतो.

आमच्यात जतकडची एक पोरगी बसते, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली आहे, पीएसआयची तयारी करते. ती म्हणली, "काका, तुम्ही आयुष्यभर मीटर तपासले आणि इथं न तपासताच पैसे घालताय?" लागलं मला ते. आमच्या खात्यात टाँग टेस्टर, म्हणजे वायरीतला करंट मोजायचा चिमटा, लावल्याशिवाय फॉल्ट कुठं आहे हे बोलायचीसुद्धा पद्धत नव्हती. आणि इथं मी वर्षभर नुसत्या अंदाजावर भांडत होतो.

म्हणलं स्पीड टेस्ट तर करतोच की आपण मोबाईलवर. तर ती म्हणली तो कारखान्याचा काटा झाला. हे सांगलीत कुणाला समजावून सांगायला नको. ऊस कारखान्यावर न्यायच्या आधी शेतकरी बाहेरच्या काट्यावर वजन करून का जातो? तसंच आहे, त्या स्पीड टेस्टचा सर्व्हर बऱ्याचदा ऑपरेटरच्याच नेटवर्कात बसलेला असतो, त्यामुळं तिथपर्यंतचा रस्ता मोकळा दिसतो, पुढचं काय ते कळत नाही, आणि आपल्या घरातल्या वायरीत दोष असला तर तोही त्याच आकड्यात मिसळून जातो. आपला काटा आपल्याकडं पाहिजे. आणि गंमत अशी की हे काटे फुकट मिळतात, ओपन सोर्स म्हणजे नुसते फुकट नाहीत तर आतला स्प्रिंग कसा बसवलाय तेही उघडून बघता येतं. वजनमापं खात्याला जे करावं लागतं ते इथं जगातला कुणीही करू शकतो.

पहिला काटा आयपर्फ थ्री नावाचा प्रोग्रॅम. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले लॅबच्या लोकांनी संशोधन संस्थांच्या नेटवर्कसाठी केलेला आहे, पण माझ्या जिन्याला पण चालला. दोन कॉम्प्युटर घ्यायचे, एकावर सर्व्हर म्हणून चालू ठेवायचा, दुसऱ्यावरनं त्याच्याकडं डेटा ढकलायचा, दहा सेकंदात आकडा येतो. यात इंटरनेटचा काही संबंध नाही, फक्त घरातली वायर आणि स्विच (एका वायरीवरनं अनेक कॉम्प्युटर जोडायचा डबा) तपासला जातो. खाली राऊटरला लॅपटॉप लावला, वर स्विचला पीसी. सगळी पोरं पुस्तकं मिटून भोवती उभी. आकडा आला ९४ एमबीपीएस.

मी म्हणलं वा, चांगला आहे. पोरगी कपाळाला हात लावून बसली. म्हणली काका हा ९४ म्हणजे शंभराच्या लाईनची सही आहे, तुमचा स्विच आणि राऊटर दोन्ही हजार एमबीपीएसचे आहेत, तिथं ९४० च्या आसपास यायला पाहिजे. मग शंभरावर ९४ च का तर मार्केट यार्डात हळदीच्या पोत्याचं बारदान वजा करतात ना, तसं. डेटा छोट्या तुकड्यांत जातो, त्याला पाकीट म्हणतात; वायरीवर एक पाकीट जायला १५३८ बाईटची जागा लागते आणि त्यात खरा माल १४४८ बाईट असतो, बाकी सगळं पोतं, सुतळी आणि चिठ्ठी. भागाकार करून बघा, ९४ टक्के येतात. मला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी कॅल्क्युलेटर घेऊन परत केलं.

मग वायर शोधत गेलो. जिन्याच्या खिडकीतनं लॅन केबल वर नेलेली आणि ती सरकत्या काचेत चेंगरत होती वर्षभर. तपकिरी जोडीतली एक तार आत तुटलेली. हजारच्या लाईनला आठही तारा लागतात म्हणजे चार जोड्या, शंभरला दोन जोड्यांत भागतं, नारिंगी आणि हिरवी. एक जोडी गेली की दोन्हीकडची यंत्रं आपसात ठरवून गुपचूप शंभरावर येतात, कुठं लाल दिवा नाही, काही नाही. शेतकऱ्याच्या मोटरीचा एक फेज गेला तर मोटर घूं घूं करते, निदान कळतं तरी. इथं काहीच आवाज नाही. म्हणजे मी २०० चे पैसे भरत होतो आणि वरच्या मजल्याला ९४ च जाऊ शकत होतं, ऑपरेटरनं १००० चा प्लॅन दिला असता तरी ९४. केबल नवी टाकली, ४०० रुपये गेले. आकडा ९४१.

इथं पत्र संपलं असतं. पण संध्याकाळी सात वाजले आणि परत "काका".

आता हा जो दुसरा रोग आहे तो माझ्या मते सांगलीतल्या निम्म्या घरांत आहे आणि त्याला स्पीडचं औषध लागू पडत नाही. त्यासाठी दुसरा काटा, पिंग, समोरच्या कॉम्प्युटरला हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं. तो प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असतोच. माईक मूस नावाच्या माणसानं १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिला, अमेरिकन लष्कराच्या लॅबमध्ये होता तो, नेटवर्कला काहीतरी होत होतं म्हणून एका संध्याकाळी बसून लिहून काढला आणि सगळ्यांना मोकळा दिला. पाणबुडी जशी आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकते त्यावरनं नाव. चाळीस वर्षं झाली, अजून पहिलं तेच लावतात. तर पिंग चालू ठेवला, लाईन रिकामी असताना उत्तर १४ मिलीसेकंदात (म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजून १४) येत होतं. मग एका पोराला म्हणलं तुझ्या मोबाईलचे फोटो बॅकअपला लाव. लावले. १४ चे ८०, ३००, ७०० झाले आणि तिथंच राहिले. एका मोबाईलचा बॅकअप! आणि संध्याकाळी वायफायवर आलं की दहा-बारा मोबाईल आपोआप बॅकअप घेतात, पोरांना माहीतही नसतं.

याला बफरब्लोट म्हणतात. मला समजलं ते आमच्या भाषेत सांगतो. साखर कारखान्यात गाळप दिवसाला ठरलेलं असतं. तोडणीच्या चिठ्ठ्या हिशोबानं दिल्या तर गाडी येते, काट्यावर चढते, गव्हाणीत रिकामी होते. पण यार्ड मोठं आहे म्हणून येईल तो ट्रॅक्टर आत घेतला तर दोन-दोन दिवस लाईन लागते, ऊस वाळतो, वजन घटतं, आणि गाळप मात्र तेवढंच राहतं. मेमरी स्वस्त झाली तसं मोडेम-राऊटरवाल्यांनी यार्ड मोठं करत नेलं. पाठवणारा कॉम्प्युटर वेग कधी कमी करतो, तर पाकीट हरवलं की. इथं यार्ड एवढं मोठं की पाकीट हरवतच नाही, नुसतं लाईनीत उभं राहतं, त्यामुळं पाठवणाऱ्याला वाटतं सगळं छान चाललंय आणि तो अजून ढकलतो. त्या लाईनीत पोराच्या टेस्टचं एवढंसं उत्तर, सबमिट बटणाचं, सायकलवरच्या दुधाच्या किटलीसारखं चाळीस ट्रॅक्टरच्या मागं उभं. मग पोरगं ओरडतं नेट गेलं. नेट गेलेलं नसतं हो, लाईनीत असतं.

यावर उपाय २०१२ मध्येच निघालाय. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या दोघांनी कोडेल म्हणून पद्धत काढली, ती लाईनीत किती गाड्या आहेत ते बघतच नाही, गाडी किती वेळ उभी आहे ते बघते. थांबणं ५ मिलीसेकंदाच्या वर जाऊन १०० मिलीसेकंद तसंच राहिलं की एखादं पाकीट टाकून देते, म्हणजे पाठवणाऱ्याला निरोप जातो की दमानं घे. पुढं त्यात प्रत्येकाची लाईन वेगळी करायची सोय आली, किटलीवाला सायकलस्वार ट्रॅक्टरच्या मागं राहत नाही. तिला एफक्यू कोडेल म्हणतात. मग २०१८ मध्ये लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या ४.१९ आवृत्तीत केक नावाची पद्धत आली, ती त्याहून सोपी, माणशी वाटणी पण करते. यामागं डेव्ह टाट नावाच्या माणसानं वर्षानुवर्षं डोकेफोड केली, लोकांना समजावून सांगितलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये गेला तो. आपल्याकडं कुठं बातमी दिसली नाही.

आता हे बसवायचं कसं तर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राऊटरवर टाकायची ओपन सोर्स सिस्टीम, तिच्यात केक मिळतं. त्याची जन्मकथा पण भारी आहे. एका प्रसिद्ध निळ्या राऊटरच्या आत लिनक्स वापरलेलं निघालं, लिनक्सच्या लायसन्सची अट अशी की वापरा, बदला, पण ते दुसऱ्याला विकलं किंवा दिलं तर त्याचा कोडही द्या, तर २००३ मध्ये कंपनीला तो द्यावा लागला, आणि त्यातनं २००४ पासनं लोकांनी स्वतःची राऊटरची सिस्टीम उभी केली. माझ्याकडं भाच्याचा जुना पीसी पडून होता, त्यात दुसरं लॅन कार्ड घातलं, ओपनडब्ल्यूआरटी टाकलं आणि तो ऑपरेटरचा डबा आणि माझा स्विच यांच्या मधे बसवला. केक चालू केलं. एक गोष्ट मात्र नीट करावी लागते, वेग कनेक्शनच्या वेगापेक्षा थोडा कमी बांधायचा, म्हणजे पाकिटांची रांग आपल्या डब्यात लागते, ऑपरेटरच्या नाही, आणि आपल्या दारातली रांगच आपण आवरू शकतो. माझं डाऊनलोड २०० आहे ते १८० ला बांधलं, अपलोड ४० ते ३६ ला. लोकांना हे पटत नाही, दहा टक्के सोडायचे म्हणजे काय. पण बॅकअप लावून पिंग बघितला तर १९ आणि २३ च्या मधे हलत होता. ७०० चे २३. त्या रात्री कुणी "काका" म्हणलं नाही, मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

फुकट फुकट म्हणतोय तर खरा हिशोब पण सांगतो, मीटरवाला माणूस आहे. त्या जुन्या पीसीला ५० वॅट लागतात, दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. वर्षभराचं बिल बघितलं तर तेवढ्या पैशात ओपनडब्ल्यूआरटी चालणारा छोटा राऊटर येतो जो दहा वॅटच्या आत भागवतो. पुढच्या महिन्यात तो घेणार आहे. घेताना मॉडेल ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे का ते बघून घ्यायचं, नाहीतर नुसता डबा.

आणि माझी फजिती पण सांगतो नाहीतर पत्र वाचून चार जण तीच करतील. एमटीआर म्हणून एक प्रोग्रॅम आहे, आपल्यापासनं साईटपर्यंत मधे किती नाके आहेत आणि कुठल्या नाक्यावर किती पाकिटं गळाली ते ओळीनं दाखवतो. मी लावला, तिसऱ्या नाक्यावर ६० टक्के लॉस. झालं, फोटो काढला आणि ऑपरेटरच्या ऑफिसला जाऊन टेबलावर आपटला, चार लोकांसमोर तोंडाला येईल ते बोललो. तिथला पोरगा शांतपणे म्हणाला काका, शेवटची ओळ बघा. शेवटच्या ओळीत लॉस शून्य. म्हणजे पाकिटं त्या नाक्यावरनं व्यवस्थित पुढं जात होती, फक्त तो नाका मला "मी इथं आहे" असं सांगायचा कंटाळा करत होता, कारण राऊटरला माल पुढं ढकलणं पहिलं काम, चौकशीला उत्तर देणं शेवटचं. मधे लॉस दिसला आणि तो शेवटपर्यंत तसाच राहिला तरच खरा. माफी मागितली, त्यानं चहा पाजला. तोच पोरगा आता कधीमधी येऊन बसतो अभ्यासिकेत, त्याला पण केक दाखवलं. त्याला म्हणलं घरगुती डब्यात घालण्यापेक्षा तुमच्या बाजूलाच बसवा की, लिब्रेक्यूओएस म्हणून खास छोट्या ऑपरेटरांसाठीच आहे, ओपन सोर्सच आहे, हजारो कनेक्शनांना एका सर्व्हरवर केक लावता येतं. साहेबांना विचारतो म्हणाला. साहेबांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

अजून एक विषय आहे आणि त्यावर मला खरा राग आहे. परीक्षेचे फॉर्म भरायच्या साईट. शेवटच्या दिवशी बंद पडतात आणि पोरं रात्री दोनला माझ्या जिन्यात बसून रिफ्रेश मारतात. नाव घेत नाही. पण हजार माणसं एकदम आली तर साईट टिकते का हे आधी तपासायची साधनं पण मोकळीच आहेत, जेमीटर आहे, लोकस्ट आहे, केसिक्स आहे, खोटी गर्दी उभी करून बघता येते. गणपतीत मंडपवाला पण स्टेजवर चार माणसं नाचवून बघतो आधी. आणि हे ज्याची साईट त्यानंच करायचं हं, दुसऱ्याच्या साईटवर कुणी असली गर्दी सोडली तर २००० च्या आयटी कायद्यात कलम ४३ आणि ६६ आहे, तीन वर्षांपर्यंत आत जाल. आमच्या एका पोराच्या डोक्यात आलं होतं म्हणून लिहितोय.

दुसरं म्हणजे ही ॲपं आणि साईटी करणारे बसतात पुण्या-मुंबईत चांगल्या लाईनीवर, त्यांना सगळं पळतंच. जतच्या वाडीवर एका काडीची रेंज असते तिथं काय होतं ते त्यांनी बघितलेलंच नसतं. तर लिनक्समध्ये नेटेम म्हणून सोय आहे, एका ओळीची कमांड, त्यात सांगायचं की प्रत्येक पाकिटाला ३०० मिलीसेकंद उशीर कर आणि शंभरातली पाच हरवून टाक. म्हणजे सांगलीत बसून वाडीवरचं नेट तयार. आमच्या त्या पोरीनं सराव परीक्षेचं छोटं ॲप केलंय, तिनं असंच तपासलं. पहिल्यांदा काय झालं, पोरानं सबमिट दाबलं, उत्तर यायला उशीर झाला, त्यानं परत दाबलं, परत दाबलं, तीन पेपर जमा झाले आणि मार्क शेवटच्या कोऱ्या पेपरचे लागले. चांगल्या नेटवर हे कधीच दिसलं नसतं. तिनं ते दुरुस्त केलं, आता बटण एकदाच चालतं आणि उत्तरं मोबाईलमध्ये साठून राहतात, रेंज आली की जातात. हे काम तिनं दोन दिवसांत केलं, एकटीनं, फुकटच्या साधनांवर.

वायरशार्कबद्दल पण पोरं फार विचारतात म्हणून दोन ओळी. १९९८ पासनं आहे, आधी नाव इथरियल होतं, २००६ मध्ये बदललं. वायरीवरनं जाणारं एकेक पाकीट उघडून दाखवतं. शिकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण पोरांना संशय आला की काका आमचे मेसेज वाचतात. तसं नसतं, ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं अशा साईटवरचा मजकूर दिसत नाही, पण कोण कुठल्या साईटवर गेलं ते बऱ्याचदा कळू शकतं, आणि तेवढंही बघायचा मला अधिकार नाही असं माझं मत आहे. भिंतीवर कागद लावलाय की इथं फक्त लाईन किती भरली ते मोजलं जातं, कोण काय बघतं ते नाही. आमच्या खात्यात पण मीटरवर युनिट दिसायचे, त्यावर घरात फ्रीज चालला का टीव्ही ते आम्ही विचारत नव्हतो.

आता मागणी. पावसाळ्यात आयर्विन पुलाची पाणीपातळी तुम्ही रोज छापता, फुटात आणि इंचात, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे इथल्या लहान पोराला पण पाठ आहे. कुणी "पाणी लई आलंय" एवढ्यावर घर सोडत नाही, फूट किती ते विचारतो. नेटची तक्रार छापताना पण तसं विचारा की, लाईन रिकामी असताना पिंग किती आणि भरलेली असताना किती. दोन आकडे. ज्याच्याकडं ते असतील त्याची तक्रार आधी छापा. आणि इथल्या शाळा, वाचनालयं, पतसंस्था, ज्यांच्याकडं असे कोटेशनवाले साहेब येतात, त्यांनी आधी स्वतःच्या वायरी आयपर्फनं तपासाव्यात, मग बोलावं. इंजिनिअरिंगची एवढी पोरं आहेत गावात, त्यांना एक शनिवार दिला तर दहा शाळांच्या वायरी मोजून होतील, त्यांचं प्रोजेक्ट पण होईल.

त्या ८५ हजारवाल्या साहेबांचा परवा परत फोन आला होता, ऑफर आहे म्हणाले, ७० ला देतो. मी विचारलं तुमच्या डब्यात आत काय आहे, केक का एफक्यू कोडेल. ते म्हणाले विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही.

आपला,
एक अभ्यासिकावाला
विश्रामबाग, सांगली